लग्नातला मेकअप येतो, मालिकेत काम मिळेल?

प्रश्न: मी इंदूरची, राजवाड्याजवळ राहते. नवरीच्या मेकअपवर हात बसलाय, आता मालिका-सिनेमात जायचंय. बाबा म्हणतात, तिथे बायकांना घेत नाहीत. खरं का?

उत्तर: जुनी गोष्ट. सिनेमातल्या मेकअपवाल्यांची युनियन बायकांना फक्त हेअरड्रेसरचं कार्ड द्यायची, मेकअपचं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंद पाडलं. दाखवा बाबांना.

उत्तर: अगं, नवरी वेगळी नि कॅमेरा वेगळा. आधी इथल्या हौशी नाटकांत मिशा चिकटव. मिशी ज्या जाळीवर विणलेली असते, तिची कड स्पिरिट गमने (त्वचेवर लावायच्या डिंकाने) अशी बसव की क्लोजअपमध्येही दिसता कामा नये. दर सीननंतर फोटो काढ. पुढच्या शॉटला टिकली सरकलेली दिसली की बोंब! आणि उन्हात लोकांचा घाम टिपत उभं राहशील ना?

प्रश्नकर्ती: राहीन! मिशीची जाळी कुठे मिळेल?

उत्तर: नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याला विचार. सराफ्याच्या खाऊगल्लीत नुसती कचोरी मिळेल.