मदत हवी आहे: अर्धवट शिवलेल्या गोधड्या

कांचनमृग
शेजारच्या काकू दिवाळीआधी गेल्या. घर रिकामं करताना सुनेने दोन ट्रंका आमच्याकडे आणून ठेवल्या, "तुम्हाला शिवणाचं वेड, तुम्हीच ठेवा" म्हणाली. एकीत लुगडी आणि खणाचे तुकडे, दुसरीत तीन अर्धवट गोधड्या. त्यातली लहान १२ दिवसांत पुरी करायचीय. मशीनवर टीप मारली तर चालेल का? एवढंच सांगा, प्लीज लवकर.

सुईदोरा
कापड कुठलं? सुती की रेशमी? किती थर? फोटो?

तात्या_कोल्हापूरकर
मशीन अजिबात नको. आमच्याकडं वाकळ म्हणतात, आणि वाकळ हातानंच. दोन पदरी सुती दोरा, लांब धावदोरा. माझ्या आईनं अशा पंधरा-वीस केल्या असतील. भर उन्हाळ्यात दुपारी सगळ्या बायका ओसरीवर, एकेक कोपरा धरून...

कांचनमृग
तात्या, ओसरी नाही, टू बीएचके आहे. आणि १२ दिवस. फोटो चढत नाहीये. काकूंचा टाका कडेकडेने आत येत गेलाय, मधे हातभर जागा कोरी. वरचा थर चॉकलेटी लुगड्याचा, पदर लाल, त्यावर पांढरे कळस.

सुईदोरा
मग इरकल लुगडं. त्याचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो, विणतानाच दोन्ही धागे फासाने जोडतात. म्हणजे धुतल्यावर दोन्ही सारखे आटणार नाहीत. अंगाचा एक धागा काढून जाळा. कागदासारखा वास आला तर सूत, केस जळल्यासारखा आला तर रेशीम. आणि ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का बघा.
मशीनबद्दल: मधे कोरी जागा आणि चारी बाजू बंद, म्हणजे वरचा थर पुढे सरकत जाऊन मधे फुगा येणार. हातानेच करा. हातभर जागेला दोन संध्याकाळी पुरतात.

निवांत_पुणे
मी पॉलिस्टर दोऱ्याने मशीनवर चार केल्या, काही होत नाही.

तात्या_कोल्हापूरकर
पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला कापतो.

निवांत_पुणे
किती वर्षांनी? मोजलंय का कुणी?

हिरवा_चाफा
थोडं अवांतर. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, त्याही कडेपासून आत जातात आणि कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. जरूर बघा.

कांचनमृग
बघेन, नंतर. जाळून पाहिलं, सूत आहे. पण आतला काळा थर हाताला भुगा लागतोय! आणि एके ठिकाणी सुई तशीच अडकलेली, भोवती गंजाचा डाग.

गृहकृत्यदक्ष
लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. डाग गायब.

सुईदोरा
लिंबू-मीठ पांढऱ्या चादरीला ठीक. इथे डागाबरोबर रंगही जाईल. काळ्या थराचं म्हणाल तर, जुना काळा रंग लोखंड वापरून केलेला असेल तर कापड त्या रंगानेच कुजतं. तो थर वाचणार नाही. वर घट्ट टीप मारलीत तर अजून फाटेल. सुई ओढू नका, गंजाने धाग्यांना चिकटलेली असते. आधी हळूच फिरवून सैल करा. आणि १२ दिवस कशासाठी?

कांचनमृग
बारसं आहे. भाच्याचं. दुपटं म्हणून द्यायचीय.

बालरोगवाला
हे आधी सांगायला हवं होतं. ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का?

कांचनमृग
मूठभर. ट्रंक उघडली की डोळ्यांतून पाणी येतं. कसर लागू नये म्हणून काकू घालायच्या.

बालरोगवाला
मग बाळाला नको. त्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन कापडात मुरतं. जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ जोरात होते. ही कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि बारशाच्या दिवशी कुणाला माहीत असतं? भरपूर धुऊन उन्हात वाळवलेलं कापड वेगळं, पण तुमच्या भुगा होणाऱ्या थराला ते धुणं सोसणार नाही.

गृहकृत्यदक्ष
आमच्या आईने सगळ्या नातवंडांना गोळ्यांच्या ट्रंकेतलीच दुपटी दिली, सगळी ठणठणीत आहेत.

बालरोगवाला
ज्यांना कमतरता नसते ती ठणठणीतच राहतात. मी दुसरी पाहिलीत.

जुनं_ते_सोनं
खण विकणार का? व्यनि (खाजगी निरोप) करा.

तात्या_कोल्हापूरकर
आमच्याकडं शेवटचा टाका घालायच्या आधी आत चार दाणे ठेवत. वाकळ उपाशी राहू नये म्हणून.

सुईदोरा
तात्या, दाण्यांनी किडे येतील. कांचनमृग, बाळासाठी घरातलं मऊ सुती लुगडं असेल तर दोनच थर घ्या, पाच दिवसांत होईल. काकूंची सावकाश करा. आणि त्याआधी सगळ्या गोधडीवर चुंबक फिरवा.

कांचनमृग
आईचं नऊवारी काढलंय, आज पहिली कड झाली. चुंबक फिरवलं. अडकलेली एक सोडून आत आणखी तीन सुया निघाल्या, एकीत लाल दोरा ओवलेला. सुनेला फोन केला, तर ती म्हणाली, तिघींतली मधली गोधडी काकूंनी तिच्या मुलासाठी शिवायला घेतलेली होती, तो आता नोकरीला लागलाय. ती पुरी झाली की तिला परत देतेय.
खण विकायचे नाहीत.