शब्दचर्चा : सावकाश, सवडीने की दमानं?

प्रश्न :
सदाशिव पेठेत माझं हातबांधणीच्या वह्यांचं छोटं दुकान आहे. सहा वर्षं दिवाळीआधीचे दोन महिने रात्री दीड-दोनपर्यंत जुजबंदी, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे दोऱ्याने, शिवत बसायचे. यंदापासून महिन्याला ४० वह्याच करायच्या ठरवल्यात. पण हे गिऱ्हाइकाला सांगायला शब्द सापडत नाहीये. 'काम संथ चालतं' म्हटलं की अडकलेली फाइल आठवते. 'मंद' म्हणावं तर मंदी आल्यासारखं वाटतं, परवा एका काकूंनी काळजीने विचारलं, "धंदा बसला का गं?" फोनवर 'सवडीने करते' म्हणून पाहिलं, तर पलीकडचे गृहस्थ दुखावले. काय म्हणावं?

उत्तर :
'सवडीने' दुखावणारच. "सवडीने या" म्हटलं तर ती तुमची सवड, म्हणून गोड. "सवडीने करते" म्हटलं की ती माझी सवड, आणि तुमचं काम मागे पडलं. 'फुरसतीत'चंही तेच.

तुम्हाला हवाय तो 'सावकाश'. मूळ संस्कृत, स + अवकाश. अवकाशयानातला अवकाश तोच : मोकळी जागा. पुढे मोकळा वेळ, म्हणून हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. म्हणजे हा मुळात वेगाचा शब्दच नाही. 'हळू'मध्ये वेग कमी होतो, 'सावकाश'मध्ये भोवती जागा असते. पंगतीत यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणतात, तेव्हा घास हळू चावा असं सांगत नाहीत. तुमच्यासाठी वेळ राखून ठेवलाय, पुढची पंगत डोक्यावर उभी नाही, असं सांगतात. मराठीतल्या आदरातिथ्याचं इतकं नेमकं वाक्य मला दुसरं माहीत नाही.

प्रश्नकर्ती :
'भोवती जागा' हे माझ्या कामात शब्दशः खरं आहे. खळ लावून झाली की वही दाबात ठेवावी लागते, पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस. त्या वेळात माझे हात मोकळे असतात, काम मात्र चालूच असतं. गेल्या वर्षी एका मोठ्या ऑर्डरला मी नेमका हाच वेळ वाचवला. ६० वह्यांचे पुठ्ठे वाकले, सगळ्या परत आल्या. त्या वह्या अजून माळ्यावर आहेत, टाकवत नाहीत.

उत्तर :
आमच्या जुन्नरकडे 'दमानं' म्हणतात. यातला दम फारसी, अर्थ श्वास. डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्याला "दमानं घे" म्हणतो, पंगतीतल्या पाहुण्याला नाही. म्हणून पाटीवर 'सावकाश' लिहा ताई, पण दीड वाजता सुई हातात असेल तेव्हा स्वतःला 'दमानं' म्हणा. कष्टणाऱ्याची काळजी या शब्दात आहे.

उत्तर :
गाण्यातला 'विलंबित'ही विसरू नका, म्हणजे धीमी लय. व्यवहारात विलंब झाला की शुल्क भरावं लागतं, गाण्यात विलंबित हीच खरी परीक्षा. पुण्यात १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको; किराणा घराण्याच्या गायकीची तर आलापी, म्हणजे सावकाश स्वरविस्तार, हीच ओळख. विलंबित एकतालाच्या १२ मात्रांचं एक आवर्तन मिनिटभरही चालू शकतं. एकेका मात्रेत केवढी जागा! पण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, वेळेत यावंच लागतं. सम चुकली तर त्याला कुणी विलंबित म्हणत नाही. म्हणून पाटीवर नुसतं 'सावकाश' पुरणार नाही, तारीखही हवी.

प्रश्नकर्ती :
बरोबर आहे. 'सवडीने'मध्ये तारीख नव्हती, गृहस्थ दुखावले ते त्यामुळेही असेल. पाटी अशी करतेय : "इथे वही सावकाश बांधली जाते. आज नाव नोंदवलंत तर २१ दिवसांनी तयार."

उत्तर :
'तयार'च्या पुढे 'न्यायला या' घाला. पुणेरी पाटी म्हणून कुणी फोटो काढायला थांबलं, तर त्यालाही आत यावंसं वाटेल.