म्युनिकहून एक दिवस: आउग्सबुर्ग

जर्मनीत म्युनिकमधला रिकामा दिवस कुठे घालवावा असं विचारलं की बरेच जण नॉयश्वानश्टाइनचा किल्ला सुचवतात. मी आउग्सबुर्ग हे शहर सुचवेन. रेल्वेने पाऊण तासात पोचता येतं.

तिथली फुगेराय चुकवू नका. याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने 1521 मध्ये गरजू कॅथलिक नगरवासीयांसाठी वसवलेली ही वसाहत. लोक आजही तिथे राहतात आणि वर्षाचं मूळ भाडं आहे 88 सेंट! म्हणजे आपला एक कटिंगही येणार नाही तिकडे. अर्थात वीज-पाणी वेगळं, आणि दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. पिवळ्या भिंती, हिरवी दारं, सगळं एकसारखं. म्हणून दारावरच्या घंटेच्या मुठी मात्र वेगवेगळ्या आकाराच्या. दिवे नव्हते तेव्हा अंधारात चाचपून आपलं घर ओळखायचं! संगीतकार मोझार्टचे गवंडी पणजोबाही इथेच राहायचे. आत जायला तिकीट आहे. पण लोकांची राहती घरं आहेत, खिडक्यांतून डोकावू नका.

उरलेला वेळ पाण्याला द्या. इथले कालवे आणि जुने पाणीपुरवठा मनोरे 2019 पासून जागतिक वारशात आहेत. जुन्या गावात घरांना खेटून ओहोळ वाहतात, नुसतं त्यांच्या कडेने भटकलं तरी चालतं. नगरभवनातलं सोनेरी दालन भव्य आहे, पण मला तरी जरा भपकेबाजच वाटलं.

आपल्याकडचा धागाही आहे: फुगर आणि वेल्झर या इथल्या व्यापारी घराण्यांच्या मिरी व्यापाराचा प्रतिनिधी, फर्डिनांड क्रॉन, सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात होता.