सतरा शवपेट्या, उरल्या आठ

परदेशात शिकताना फिरायला ना वेळ मिळतो ना पैसे पुरतात, असं बरेच जण म्हणतात; मला ते निम्मंच पटतं. मी स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला शिकायला होतो. तिथलं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे आणि विद्यापीठाला अगदी लागून. दोन तासिकांमधल्या रिकाम्या वेळात मी तिथे जाऊन बसायचो (खरं कारण थंडी!). तिथेच त्या बाहुल्या दिसल्या. बोटाएवढ्या लाकडी शवपेट्या, आत कोरलेली माणसं, अंगावर शिवलेले कपडे, डोळे टक्क उघडे. १८३६ साली आर्थर्स सीट या टेकडीवर सशांच्या मागे लागलेल्या पोरांना कपारीत अशा सतरा पेट्या सापडल्या. आज आठच उरल्यात.

कोणी म्हणतं जादूटोणा, कोणी म्हणतं बर्क आणि हेअर या एडिनबर्गच्या खुनी जोडगोळीने शरीरशास्त्राच्या शाळेला विकलेल्या सतरा प्रेतांसाठीचं हे प्रतीकात्मक दफन. आकडा जुळतो खरा, पण त्या प्रेतांत बायकाच जास्त होत्या आणि बाहुल्यांचे कपडे पुरुषी. त्यामुळे मला ते काही पटत नाही.

पुढच्या रविवारी टेकडी चढलो. २५१ मीटर, तीही फुकट. वर वारा असा की टोपी धरू का फोन, कळेना. कपार काही सापडली नाही.

एडिनबर्गला गेलात तर तिथल्या ग्रेफ्रायर्स बॉबी या प्रसिद्ध कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक मात्र नशिबासाठी म्हणून घासू नका. ती 'परंपरा' अलीकडची आहे, आणि बिचाऱ्याचं नाक झिजतंय.