जुने विमानवाले गेम म्हणजे नुसते पैसे खाणारे डबे? मला हे अजिबात मान्य नाही

शेवटचं_लाइफ

आमच्या शाळासोबत्यांच्या गटात एकाने काल लिहिलं, "ते जुने विमानवाले गेम म्हणजे मुलांच्या खिशातले पैसे काढायची यंत्रं होती. ना गोष्ट, ना शेवट, तेच चित्र पुन्हा पुन्हा. तुम्हाला गेम आठवत नाही, तुमचं लहानपण आठवतं." त्यावर सगळ्यांनी अंगठे दिले. माझं डोकं फिरलं. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितोय.

'स्पेस इन्व्हेडर्स' १९७८ चा. तोमोहिरो निशिकादोंनी गेम लिहिला आणि तो चालवणारं हार्डवेअरही स्वतःच बांधलं. पडद्यावर ओळीने खाली उतरणारे ५५ शत्रू, ते टिपायचे. ते सगळे एकदम हलवायचे तर प्रोसेसर कमी पडायचा. जसजसे मरतील तसतसा भार कमी होऊन उरलेले वेगात धावायला लागायचे. निशिकादोंनी हे पाहिलं आणि मुद्दाम तसंच ठेवलं. सोबत तो चार सुरांचा ठोका, तोही जलद होत जाणारा. शेवटचा एकटा शत्रू या कडेपासून त्या कडेपर्यंत सुसाट पळायचा तेव्हा हाताला घाम फुटायचा. पात्रं आणि संवाद नसले तरी गोष्ट असू शकते, आणि ती इथे होती.

'डिफेंडर' घ्या, १९८१ चा. खाली जमिनीवर माणसं, वरून शत्रू येऊन एकेकाला उचलून नेतो. वर पोचायच्या आत त्याला पाडायचं आणि खाली पडणारा माणूस हवेत झेलायचा. सगळी माणसं गेली की ग्रहच फुटतो. एक काठी, पाच बटणं आणि हे सगळं काही सेकंदांत. ज्याने हे खेळलंय त्याने 'गोष्ट नाही' म्हणावं, याचंच वाईट वाटतं.

गिरगावात आमच्या घराजवळ एका जिन्याखाली व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. लहानपण आठवतं हे खरंच. पण त्या जिन्याखाली दुसरेही गेम होते, ते का आठवत नाहीत? माशीसारख्या शत्रूंना टिपायचा 'गॅलागा'च का आठवतो?

रोखठोक_रोहेकर

आठवतो कारण त्यात तुमचे सगळ्यात जास्त पैसे गेले.

भाऊ, मशीनच्या आत बोर्डावर बारीक स्विच असतात. लाइफ किती, जादा लाइफ किती गुणांवर, अवघडपणा किती, सगळं मालकाच्या हातात. आमच्याकडच्या मालकाने तीनाची दोन लाइफ करून ठेवली होती. आम्हाला वाटायचं आपला हात कच्चा. मोठेपणी एका मेकॅनिक मित्राने बोर्ड उघडून दाखवला तेव्हा कळलं. शाळेच्या डब्यासाठी दिलेले पैसे तिथे जायचे. तुमच्या त्या मित्राचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

शेवटचं_लाइफ

मालक लबाड होता म्हणून गेम वाईट कसा झाला? तालमीचा वस्ताद पैसे खातो म्हणून कुस्ती वाईट ठरत नाही. आणि एक लक्षात घ्या, 'स्पेस इन्व्हेडर्स'ने जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पाडला होता. अख्खा देश मूर्ख नव्हता.

नाणेसंग्राहक

हा नाण्यांचा किस्सा कृपया थांबवा. जिथे तिथे हाच वाचतो. ती दंतकथा आहे. १९७८ आणि १९७९ मध्ये १०० येनची नाणी आधीच्या वर्षांपेक्षा कमी पाडली गेली. शिवाय मशीनमधली नाणी मालक बँकेतच भरणार ना? ती फिरून बाजारातच येणार. तुटवडा होईल कुठून?

शेवटचं_लाइफ

ठीक आहे, नाण्यांचं सोडलं. बाकीच्याला उत्तर द्या.

दुहेरी_यान

मी देतो. 'गॅलागा' (१९८१) पैसे खाणारा होता म्हणणाऱ्यांना तो खेळताच आला नाही. आपलं यान शत्रूच्या ओढून नेणाऱ्या किरणात मुद्दाम द्यायचं, मग तो शत्रू खाली झेपावत येत असताना त्यालाच अचूक टिपायचं. यान परत मिळतं आणि दोन यानं जोडीने गोळ्या झाडतात. एक लाइफ पणाला लावून ताकद दुप्पट करायची. एवढा सुंदर जुगार मी नंतरच्या कुठल्याच गेममध्ये पाहिला नाही.

आणि दुसरी युक्ती. पहिल्या फेरीत डावीकडच्या फक्त दोन माश्या जिवंत ठेवायच्या आणि साधारण १५ मिनिटं नुसतं चुकवत राहायचं. मग त्या गोळ्या झाडणं बंद करतात. त्या दोघींना मारलं की पुढच्या फेऱ्यांतही कोणी गोळी झाडत नाही. शत्रूच्या गोळ्यांना मोजक्याच जागा असतात. पडद्याच्या अगदी कडेला झाडलेली गोळी पुढे सरकत नाही आणि जागा अडवून बसते. अशा सगळ्या जागा भरल्या की संपलं. मी एका नाण्यात अख्खी दुपार खेळायचो. कुठे गेले पैसे?

रांगेतला_चौथा

पैसे नाही गेले, आमची दुपार गेली!

तुमच्यासारखाच एक दादा आमच्या पेठेत होता. मशीनच्या काचेखाली आम्ही आपापली नाणी नंबरानं लावून ठेवायचो. हा पंधरा मिनिटं दोन माश्यांसमोर डावी-उजवी करत राहायचा आणि नंतर तासभर हलायचा नाही. बघायलाही मजा नाही, गोळीच नाही तर थरार कसला? क्लासची वेळ झाली की नाणं उचलून घरी. ही चीटिंग आहे, स्पष्ट बोलतो. गेममधल्या चुकीचा फायदा घेणं म्हणजे कौशल्य नाही.

दुहेरी_यान

चीटिंग? १५ मिनिटं एकही गोळी न लागता चुकवून दाखवा, मग बोला. मधे एकदा लागली की सगळं मुसळ केरात. मी फुकट खेळायला घरून तार आणली नव्हती की मशीनला लाथ मारली नव्हती. काठी आणि बटण, तुमच्याकडे होतं तेवढंच माझ्याकडे.

नाणेसंग्राहक

इथे मी दुहेरी_यान यांच्या बाजूने. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू अगदी खालच्या ओळीत आले की त्यांची गोळी आपल्याला लागतच नाही. जपानी पोरांनी ही खोट हेरली, तिचं तंत्र बनवलं आणि त्याला नागोया शहराचं नाव दिलं. वरून जाणाऱ्या उडत्या तबकडीचे ३०० गुण हवेत तर आपली २३ वी गोळी तिला लागायला हवी, नंतर दर १५ वी. लोक गोळ्या मोजून खेळायचे. यंत्राचा स्वभाव ओळखणं हाच त्या गेमांचा आत्मा होता.

रांगेतला_चौथा

आणि अवकाशातले दगड फोडायच्या 'ॲस्टेरॉइड्स'चं काय? एक दगड शिल्लक ठेवून तबकड्यांची शिकार करत बसणारे झाले, तेव्हा तो बनवणाऱ्या अटारी कंपनीलाच पुढच्या 'ॲस्टेरॉइड्स डिलक्स'मध्ये त्यावर उपाय करावा लागला. बनवणाऱ्यालाच ते खपलं नाही, याचा अर्थ काय?

दुहेरी_यान

याचा अर्थ कंपनीचा गल्ला भरत नव्हता! तुम्ही मालकाच्या बाजूने बोलताय हे कळतंय का तुम्हाला?

रांगेतला_चौथा

मी रांगेतल्या पोरांच्या बाजूने बोलतोय. तुम्हाला रांग दिसलीच नाही, आजही दिसत नाही.

अवनी_मडगाव

इतका वेळ वाचते आहे, आता राहवत नाही. रांगेत कोणावर अन्याय झाला यावर एवढं भांडताय, पण आम्ही मुली रांगेतच नव्हतो हे एकालाही आठवलं नाही. पार्लरच्या दारात पोरांचा घोळका, आत धूर, आणि घरी सक्त ताकीद. भाऊ येऊन सांगायचा की 'गॅलागा'च्या बोनस फेरीत चाळीसपैकी अडतीस पाडले, आणि मी पाटीवर त्या फेरीतल्या माश्यांची वाट काढून त्याला विचारायची की त्या कुठून वळतात. पुढे घरी टीव्हीला जोडायचा डबा आला. त्यातल्या 'गॅलागा'त मी चाळीसच्या चाळीस पाडून १०,००० चा बोनस घेतला, भावाच्या आधी. माझ्याकडे पार्लरची एकही आठवण नाही, तरी तो गेम मला जीव की प्राण आहे. मग 'तुम्हाला फक्त लहानपण आठवतं' हे मला कसं लागू होतं?

रोखठोक_रोहेकर

ताई, तुमचं दुःख समजतं, पण मुलींचा विषय इथे कशाला?

अवनी_मडगाव

कशाला म्हणजे? पार्लरमध्ये बायका-मुली येत नाहीत हे जपानमध्ये तोरू इवातानींच्या लक्षात आलं आणि त्यांनी १९८० चा 'पॅकमॅन' त्याच हेतूने आखला. गेम बनवणाऱ्याला तो विषय वाटला. आणि तुमच्या डब्याच्या पैशांचा विषय चालतो, माझा नाही?

शेवटचं_लाइफ

अवनीताईंनी माझ्या मित्राला जे उत्तर दिलं ते मला जमलं नव्हतं. हेच त्या गटात टाकतो, चालेल ना?

अवनी_मडगाव

टाका, फक्त माझं नाव नको.

रोखठोक_रोहेकर

पाटीवर वाट काढायचात हे मात्र मानलं. तेवढंच मानलं. दोन लाइफवाल्या मालकाला मी माफ करणार नाही.

दुहेरी_यान

आणि रांगेतले_चौथे, रांग असताना मी ती युक्ती करायला नको होती असं म्हणायचं असेल तर तेवढं पटतं. पण चीटिंग हा शब्द मागे घ्या.

रांगेतला_चौथा

नाही घेणार. दुपारी रिकाम्या पार्लरमध्ये केली असेल तर कौशल्य. संध्याकाळी पाचला, काचेखाली सहा नाणी असताना केली असेल तर चीटिंगच.