साडेसात रुपये चुकले आणि माझा डोळा अडला नाही

मार्केटयार्डवाला, सांगली:

गेली अकरा वर्षं सांगलीत सॉफ्टवेअर करून पोट भरतोय. फार मोठं काही नाही, यार्डातल्या अडत दुकानांच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचा मालविक्रीचा हिशेब), खतावणी, स्टॉक एवढंच. दोन वर्षांपासून एआय असिस्टंट घेऊन कोड लिहितो. कामं दुप्पट झाली, गिऱ्हाईक खूश, बायको खूश. तक्रार करायला जागा नव्हती.

एप्रिलमध्ये हळदीच्या ऐन हंगामात एका दुकानातून फोन आला. पट्टी जुळत नाही. गेलो. ३८ पोती राजापुरी, वजन १,९३७ किलो, दर क्विंटलला १४,२५०. मशीन म्हणतंय २,७६,०१५. दिवाणजींच्या पेन्सिलीनं आलेत २,७६,०२२ रुपये ५० पैसे. फरक साडेसात रुपयांचा. शेतकरी बाकड्यावर बसून चहा पितोय, तो काही बोलत नाही, पण बघतोय माझ्याकडंच.

यार्डात त्या दिवशी नेट गेलेलं आणि मोबाईलला रेंज नाही. म्हणजे मी, लॅपटॉप आणि माझाच कोड. तुम्हाला खरं सांगतो, पाऊण तास मी ती फाईल वरखाली करत बसलो. सगळं नीटनेटकं, व्हेरिएबलची नावं छान, कॉमेंट छान. पण दुसऱ्याच्या घरात रात्री लाईटचं बटण शोधावं तसं झालं माझं.

दिवाणजींनीच शेवटी सांगितलं. वय सत्तरीपुढं. पोत्यांच्या वजनाची यादी बघून म्हणाले, "अहो, विषम वजनाची पोती पंधरा हायत. तुमचं मशीन दर पोत्याला आठ आणे खातंय." किलोला १४२ रुपये ५० पैसे दर, पोतं ५१ किलोचं असलं की शेवटी पन्नास पैसे उरतात. कोडमध्ये प्रत्येक पोत्याच्या रकमेला 'मॅथ डॉट फ्लोअर' लावून खालचे पैसे कापले होते, आणि मग बेरीज. पंधरा गुणिले पन्नास पैसे.

आता मला टोचतंय ते वेगळंच. हेच मॉड्यूल २०१६ ला मी स्वतः हातानं लिहिलं होतं. तेव्हा ०.१ आणि ०.२ ची बेरीज मशीन ०.३ च्या पुढं पंधरा शून्यं आणि मग ४ अशी दाखवतं हे बघून घाबरलो होतो, आणि सगळा हिशेब पैशात, पूर्णांकातच ठेवला होता. गोल करायचं ते शेवटी, एकदाच. हे मला माहीत होतं. फेब्रुवारीत एआयनं नवं व्हर्जन लिहून दिलं तेव्हा ती फ्लोअरची ओळ माझ्या डोळ्यासमोरून गेली. वाचली मी. डोळा अडला नाही.

तर प्रश्न असा, की टायपिंगची सवय गेली तर जाऊ दे, पण हे अडणं परत येतं का? कुणाचं आलंय?

कुपवाडचा_पोरगा:

दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचं अडणं होतं आणि गेलं, आमच्याकडं ते धड आलंच नव्हतं. तोंडी परीक्षेत सरांनी माझ्याच प्रोजेक्टमधला एक लूप कागदावर चालवून दाखवायला सांगितला. तिसऱ्या फेरीलाच गप्प झालो. पहिल्या वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना हेच जमत होतं, हे जास्त लागलं.

विश्रामबाग_ते_पुणे:

माफ करा, पण तुमचं दुखणं एआय नाही. कोड बरोबर चालतोय का हे तपासणारी टेस्ट कुठं होती? विषम वजनाची पाच पोती घालून एक टेस्ट लिहिली असती तर फेब्रुवारीतच सापडलं असतं. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासून आहे, आणि आम्ही तिथलं उत्तर न वाचता चिकटवायचो हे विसरू नका. तेव्हाही सगळे म्हणायचे आता अक्कल गेली.

एक मात्र मान्य. आपल्याला काय वाटतं त्यावर भरवसा ठेवू नये. मेटर नावाच्या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा होती तिथं वेळ १९ टक्के जास्त लागला. आणि त्या माणसांना काम झाल्यावरही वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं! टूल तेव्हापासून सुधारलीत, आणि हा वेगाचा अभ्यास आहे, कौशल्याचा नाही. पण "कामं दुप्पट झाली" हे तुम्ही मोजलंय की वाटतंय?

मिरजेची_ताई:

मी प्रोग्रामर नाही, धाकटी बहीण डॉक्टर. (मिरजेत घरटी एक असतोच.) तिनं मागं पोलंडमधला एक अभ्यास सांगितला होता, २०२५ चाच. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना गाठी दाखवायला एआय आलं. नंतर त्याच केंद्रांमध्ये एआयशिवाय केलेल्या तपासण्या बघितल्या तर गाठी सापडायचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं. बहिणीचं म्हणणं, यावरून एआयच कारण हे पक्कं होत नाही, इतरही गोष्टी बदललेल्या असू शकतात. पण तुमचं "वाचली, पण डोळा अडला नाही" वाचून मला तेच आठवलं. शोधायचं काम दुसरा करतोय म्हटल्यावर आपण नुसते बघत बसतो.

आणि तुमच्या दिवाणजींचं कसं काय टिकलं हो? दुकानात कॉम्प्युटर तर कधीचा असेल.

मार्केटयार्डवाला, सांगली:

पुणेकर, टेस्ट नव्हती हे कबूल. पण विषम पोती घालून बघावीत हे सुचायलाही आधी कुठंतरी अडावं लागतं ना? दुप्पटचं मात्र बरोबर धरलंत. मोजलं नाही. बिलं दुप्पट गेली एवढंच माहीत आहे.

ताई, मी विचारलं दिवाणजींना. दुकानात कॉम्प्युटर २००९ पासून आहे. ते म्हणाले, "मशीनचा आकडा मी आधी बघतच नाही. माझा काढतो, मग पडद्याकडं बघतो." बास, एवढंच. माझं आजवर बरोबर उलटं चाललं होतं, आधी त्याचं उत्तर आणि मग माझी मान.

दोन आठवडे झाले, तसंच करून बघतोय. पैशाला हात लावणारं फंक्शन असेल तर आधी वहीत चार ओळी, एक उदाहरण हातानं सोडवून, मगच असिस्टंट उघडायचा. रिपोर्ट, फॉर्म, रंगरंगोटी बिनधास्त त्याच्याकडं. वेळ लागतो, चिडचिड होते, आणि परवा तीनशे चौदा भागिले आठ मला पटकन येईना. परवाच तोलाईच्या हिशेबात मात्र एक ओळ खटकली. खटकली तेव्हा इतकं बरं वाटलं की ती चूक नाही हे कळल्यावरही बरंच वाटलं.

फेब्रुवारीपासूनच्या ४१२ पट्ट्या आता परत काढायच्यात आणि शेतकऱ्यांचे आठ-आठ आणे परत द्यायचेत. त्या मशीनलाच लावल्यात, खोटं कशाला सांगू. दर दहावी पट्टी दिवाणजी पेन्सिलीनं तपासतात. त्या दिवशीचे साडेसात रुपये त्यांनी गल्ल्यातून दिले, ते माझ्या नावावर मांडलेत.