मदत हवी आहे: आयलरचा ‘स्पिरिच्युअल युनिटी’, रेकॉर्ड बिघडलीय की ऐकणारी?

मंडळी, अडचणी दोन आहेत. एक यंत्राची, एक कानाची.

नणंद अमेरिकेहून येणार होती, तिच्याकडून अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरच्या ‘स्पिरिच्युअल युनिटी’ या अल्बमची नव्याने निघालेली एलपी मागवली. मूळ ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कचं, १० जुलै १९६४ चं. टेनर सॅक्सोफोनवर आयलर, बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर सनी मरे. तिघंच.

दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. सॅक्सोफोन मधोमध, बास त्याच्या मागे दबलेला. बाकीच्या जॅझ रेकॉर्ड लावल्या की वाद्यं डावी-उजवीकडे वेगळी कळतात. शिवाय आवाज खाली आला की डावीकडून बारीक कुरकुर. दुकानदार म्हणतो, मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग, एकाच वाहिनीच्या रेकॉर्डसाठीचा) घ्या. तो खर्च आत्ता नको आहे.

आता कानाची गोष्ट. त्यातल्या ‘घोस्ट्स’ या ट्रॅकची चाल ऐकताक्षणी आवडली. वरातीतल्या बँडने साधीशी चाल जीव तोडून, किंचित बेसूर वाजवावी तशी. पण मिनिटभरात सगळं सुटतं. मी थोडा तबला शिकलेय, त्यामुळे कान आपोआप सम शोधायला लागतो आणि ती येतच नाही. परवा सासूबाईंनी आतून विचारलं, “अगं, सुई अडकलीय का?”

‘कळत नसेल तर सोडून द्या’ हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १
मूळ मुद्रणच मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं आहे, त्यामुळे एकच आवाज येणं बरोबर. नव्या आवृत्तीला साधी स्टीरिओ सुई चालते, कार्ट्रिजचे पैसे वाचवा. अँपला (अँप्लिफायरला) मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत असतं ते सुईच्या आडव्या हालचालीत; उभ्या हालचालीतून येते ती नुसती खरखर, आणि या बटणाने ती बरीचशी कटते.
कुरकुरीसाठी: अँपच्या मागे टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. कुरकुर उजवीकडे गेली तर दोष रेकॉर्ड, सुई किंवा वायरीत. डावीकडेच राहिली तर अँप किंवा स्पीकर. हे बटण न दाबता करायचं, नाहीतर काहीच कळणार नाही.

प्रतिसाद २
सम शोधणं आधी थांबवा. मरे ठेका धरतच नाही. तो पियानोवादक सेसिल टेलरबरोबर वाजवायचा, तेव्हापासूनच त्याने ते सोडलं होतं. झांजांचा एक सलग झोत तो चालू ठेवतो, मात्रा मोजायला काही देत नाही. माझा उपाय असा: एकदा संपूर्ण बाजू फक्त पीकॉककडे कान लावून ऐका. तो साथ करत नाही, आयलरशी बोलतो, मध्येच त्याला तोडतोही. ‘द विझर्ड’ या ट्रॅकमध्ये हे छान कळतं.
मग ‘घोस्ट्स’ची दोन्ही रूपं लागोपाठ लावा. पहिल्या बाजूचं सुरुवातीचं पाचेक मिनिटांचं, दुसऱ्या बाजूचं शेवटचं दहा मिनिटांचं. चाल तीच, पण दुसऱ्यात तिचे तुकडे कुठकुठे जातात बघा. आयलर सैन्याच्या बँडमध्ये वाजवलेला माणूस, कवायतीच्या चाली त्याच्या अंगातच होत्या. तो जाडजूड थरथरता स्वर मुद्दाम आहे, बेसूर म्हणू नका!
अवांतर: ईएसपी-डिस्क या रेकॉर्ड कंपनीच्या यादीत हा अल्बम १००२ क्रमांकाचा. १००१ वर एस्परांटो या मुद्दाम रचलेल्या भाषेतली गाणी होती. कंपनी काढणारा बर्नार्ड स्टॉलमन पेशाने वकील. मला हे फार आवडतं.

प्रतिसाद ३
सीडीही बघून ठेवा. २०१४ च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत ‘व्हायब्रेशन्स’ हा जादा ट्रॅक आहे. सुरुवातीच्या काही एलपींवर ‘स्पिरिट्स’च्या जागी चुकून हाच छापला गेला होता. त्यामुळे कुणाकडची जुनी प्रत ऐकलीत आणि तिसरा ट्रॅक वेगळा लागला तर दचकू नका.

मूळ धागा लिहिणारी
सगळ्यांचे आभार. वायरी बदलल्या, कुरकुर उजवीकडे गेली. दुसऱ्या रेकॉर्डलाही येते, म्हणजे एलपी निर्दोष. पीकॉकचा उपाय लागू पडला. बास ऐकायला लागल्यावर सम आठवलीच नाही. दहा मिनिटांचा ‘घोस्ट्स’ मात्र अजून अर्ध्यात हातातून निसटतो.
आता एवढंच सांगा, नाशिकमध्ये सुई भिंगाखाली तपासून देणारं कुणी आहे का? की पुण्याला जावं लागेल?